जळका वासा : सिमेंटच्या तयार चुलीच्या जागी पेलेट शेगडी बसवताना

मामीने फोन केला तो शेगडीची चौकशी करायला. "कासवांच्या दिवसांत पाहुणे वाढतात रे. ही चूल आता पुरी पडत नाही. ती पेलेटवाली शेगडी घ्यावी म्हणते. कुठली घेऊ?" एवढं बोलताना खोकल्यामुळे तिला दोनदा थांबावं लागलं. मी म्हटलं, रविवारी येतो, आधी बघू. पेलेट म्हणजे भुसा वगैरे दाबून काढलेल्या बारीक कांड्या, त्यांवर ही शेगडी चालते.

मी चिपळूणला फॅब्रिकेशनचं काम करतो. आमसुलं आणि आंबापोळी सुकवायचे ड्रायर, खानावळींच्या भट्ट्या, धुराडी. घरच्या माणसाचं काम म्हणून हे मी जास्त काळजीने केलं, तरी त्यात चुका झाल्याच. तसलीच चूल आणि तसलाच पाइप किनाऱ्यावर अजून पुष्कळ घरांत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

घर दापोली तालुक्यात, अंजर्ले-केळशी पट्ट्यातल्या एका वाडीत. समुद्र हाकेच्या अंतरावर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, मागे नारळ-पोफळी, बाजूला मांगर, म्हणजे लाकडं-सामान ठेवायचं छप्पर. मामा-मामी दोघंच राहतात आणि चार खोल्या पाहुण्यांना देतात. फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, मे महिन्यात आंब्याला, गणपतीत घरचीच. गर्दीच्या दिवशी बारा-चौदा पानं होतात. गेटाजवळ मामाने स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'चुलीवरचं घरगुती जेवण'. घरात गॅस आहे, पण तो चहा, फोडणी, भाजी यापुरता. भात, डाळ, कुळथाचं सार, मोदकांचं मोठं पातेलं, पिण्याचं पाणी हे सगळं चुलीवर.

चूल आली कुठून

ही चूल मामीने घातलेली नव्हती, तयार आलेली होती. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२पर्यंत चालला. त्यातली ही, १९९४ साली आलेली. साच्यात ओतलेली सिमेंटची चूल, पुढे तोंड, मागे वैल म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, आणि वैलाच्या पाठून छपराबाहेर जाणारा चार इंची सिमेंटचा पाइप. त्या काळच्या मानाने कल्पना फार चांगली होती. एकाच जाळावर दोन भांडी, आणि धूर घराबाहेर. पहिली पाच-सहा वर्षं स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या राहिल्या, असं मामी अजून कौतुकाने सांगते.

पण चूल बसवून माणसं गेली ती गेलीच. पाइप वर्षातून दोनदा साफ करायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. साफ करायला पाइपाला खाली झाकणही ठेवलेलं नव्हतं.

मग निसर्ग वादळ आलं. ३ जून २०२०. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या त्याने झोपवल्या. मामाच्या वाडीतला एक माड स्वयंपाकघराच्या छपरावर पडला. कौलं फुटली, पाइप कौलांच्या वर तुटला. वाडीत वीज यायला महिना गेला. त्या महिन्यात चुलीशिवाय कुणाचंच पान हलत नव्हतं, म्हणून मामाने तुटक्या पाइपाला पत्र्याची नळी जोडून तारेने आवळली आणि सांध्यात सिमेंट भरलं. तात्पुरतं केलेलं ते काम साडेतीन वर्षं तसंच राहिलं.

छपरावर काय सापडलं

रविवारी सकाळी चूल थंड असताना मी तोंडाशी उदबत्ती धरली. पाइपात ओढ असती तर धूर आत गेला असता. तो सरळ मामीच्या तोंडावर आला. मग जिना लावून वर गेलो, पत्र्याची नळी काढली आणि मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. चार इंची पाइपात जेमतेम दोन इंचांचं भोक उरलं होतं. व्यास निम्मा झाला की वाट चौथाई राहते. बाकीच्या जागेत डांबरासारखा काळा, चकाकता थर बसलेला. हा थर ओल्या लाकडाचा. ताज्या तोडीच्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं. मामी जाळत होती ते वादळात पडलेल्या सुरूचं आणि आंब्याचं लाकूड, मांगरात पावसाळाभर दमट राहिलेलं. अशा लाकडाचा जाळ थंड असतो, धूर डांबराळ असतो आणि तो गार पाइपाला लागला की तिथेच चिकटतो. हा थर कधी पेटला तर पाइपातली आग हजार अंशांच्या घरात जाते.

हे मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं.

पाइपाभोवतीची कौलं उतरवली तेव्हा किंजळीचा एक वासा पाइपाला टेकलेला दिसला. मुळात चार बोटांची फट असावी. माड पडला तेव्हा छप्पर सरकलं आणि वासा पाइपाशी गेला. टेकलेल्या जागी हातभर लांबीत तो काळा पडला होता. पटाशी लावली तर पाऊण इंच आत गेली आणि कोळशाचा भुगा खाली सांडला. लाकूड एकदम पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं सौम्य धग खाल्लेलं लाकूड आतून कोळशासारखं होत जातं आणि मग त्याहून पुष्कळ कमी तापमानाला धुमसू लागतं. अशी आग रात्री, सगळे झोपल्यावर लागते, आणि वर सुकलेल्या रिपा असतात.

मामीला जिन्याच्या चार पायऱ्या चढायला लावून मी तो वासा दाखवला. तिने हात लावला. बोटं काळी झाली. ती पदराला न पुसता तशीच बघत राहिली. "ह्याच्याखाली मी रोज बसते?" एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून चूल बंद केली. शेगडी कुठली, हा प्रश्न मागे पडला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी शेगडीचं विचारतं, कारण ती समोर दिसते. मी पंधरा वर्षांत जे वाईट प्रकार बघितले त्यांतले बहुतेक धुराड्यात घडलेले होते.

पाइप तोच ठेवू या

गवंडीभाऊंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते चुकीच्या हेतूने नव्हतं. शेगडीचं तोंड चार इंची, पाइपही चार इंची. आतून खरवडून काढू, वर नवा तुकडा जोडू, खर्च वाचेल. मामालाही ते पटत होतं. इथे मी अडून बसलो.

हा पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा होता. तापल्यावर असा पाइप तडकतो, कधी कधी आवाज करून फुटतो. पेलेट शेगडीचा पंखा धूर थोड्या दाबाने ढकलतो, त्यामुळे माती-सिमेंट भरलेल्या सांध्यांतून तो खोलीत झिरपतो. पेलेट नीट जळत असताना धूर डोळ्यांना दिसतही नाही. झिरपणारा कार्बन मोनॉक्साइड तर ना दिसतो ना वासाला येतो. जुन्या चुलीचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून माणसाला उठवतो तरी.

थंड मुलखांत हा प्रश्न फार आधी सोडवलेला आहे. अमेरिकेत घर उबदार ठेवायला कारखान्यातून तयार फायरप्लेस येते आणि तिचं दुपदरी धुराडंही तिच्याबरोबरच येतं. दोन्ही एकत्र तपासलेला तो जोड असतो. एकाची फायरप्लेस आणि दुसऱ्याचा पाइप चालत नाही. तिथे जुनी फायरप्लेस काढून पेलेट स्टोव्ह बसवायचा झाला तर जुन्या रुंद धुराड्यात त्याचं तोंड नुसतं सोडून देत नाहीत. पेलेटचा धूर थोडा आणि त्यातल्या त्यात गार असतो, मोठ्या पाइपात तो आणखी निवतो आणि ओढ मरते. म्हणून तीन किंवा चार इंची, सांधे सीलबंद केलेला वेगळा पाइप घालतात. आमच्या चुलीचा इंचांचा हिशेब योगायोगाने जुळत होता, पण तिचा पाइप लाकडाच्या जाळासाठी होता, आणि तोही आता फुटका.

पाइप काढतानाची काळजी मुद्दाम सांगतो. ॲस्बेस्टॉसचा धागा फुप्फुसात गेला की बाहेर निघत नाही आणि त्याचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. म्हणून करवत नाही, ग्राइंडर नाही, हातोडा नाही. पाइप साबणाच्या पाण्याने भिजवत ठेवला, कॉलरच्या सांध्यांतून एकेक लांबी सोडवली. मी आणि मदतनीस, दोघांनी बारीक धुळीचे फिल्टर लावलेले रबरी मुखवटे घातले. रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दोन वेळा गुंडाळून चिकटपट्टी मारली, वर मार्करने लिहिलं. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपला, झाडू लावला नाही.

कांडीचा हिशेब

पेलेट म्हणजे भुसा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसकट असला शेतमालाचा चुरा दाबून काढलेल्या बोटाएवढ्या बारीक कांड्या. मामी त्यांना कांडीच म्हणते. बॉयलरला 'पांढरा कोळसा' म्हणून ज्या जाड विटा मिळतात त्या वेगळ्या. त्या या शेगडीत चालत नाहीत.

चूल बंद करण्याआधीच्या आठवड्यात काय जळत होतं, हे मामाने ताणकाट्यावर मोजून ठेवलं होतं. पाहुणे असताना रोज साधारण ३० किलो लाकूड. त्यातली बहुतेक उष्णता बाहेर जात होती. भारतीय मानक आयएस १३१५२ (२०१३) प्रमाणे पंख्याच्या शेगडीने इंधनातली किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी, बिनपंख्याच्या शेगडीने २५ टक्के. साध्या चुलीत हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवरच अडकतं. त्या हिशेबाने मी रोजच्या कांड्यांचा अंदाज १० ते ११ किलो धरला. प्रत्यक्षात १२ लागतात.

गॅसशी तुलना मामाने विचारली, आणि विचारायलाच हवी. एक किलो गॅसमधून भांड्यापर्यंत जेवढी उष्णता पोचते तेवढीसाठी अशा शेगडीत साधारण पाच किलो कांड्या जळतात. म्हणजे पाच किलो कांड्यांचा घरपोच भाव एक किलो व्यावसायिक गॅसच्या भावाहून बराच खाली असेल तरच हा खटाटोप करावा. '१९ किलोच्या सिलिंडरचा भाव भागिले १९' असं गणित मामाने कॅलेंडरच्या मागे मांडलं आणि त्याला ते पटलं. मात्र कांडीचा भाव स्थिर राहील, असं मी त्याला सांगितलं नाही. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळावं, असं धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१मध्ये आणलं. तेव्हापासून याच मालाला फार मोठं गिऱ्हाईक आहे.

आपल्याकडचाच माल का नाही, हाही प्रश्न आला. काजूची टरफलं गावात फुकट पडलेली असतात. पण त्यांतलं तेल कातडी जाळणारं असतं, धूर काळा आणि तिखट. स्वयंपाकघरात ती जाळायची नाहीत, एवढं मी हात जोडून सांगतो. नारळाची सोडणं चांगली जळतात, पण त्यांत पोटॅशियम फार, वर समुद्राकाठचं मीठ. शेगडीच्या छोट्या जाळीवर त्यांची राख वितळून दगड बनते. सोडणं, पिढे, झावळ्या यांची खरी जागा न्हाणीच्या चुलवणात. ते चुलवण आम्ही तसंच ठेवलं. तिथे उघड्यावर पाणी तापतं, इंधन घरचं आहे. तिथे विकतची कांडी घालणं मला पटलं नाही.

कांडी घाटावरून, कुंभार्ली घाटाने येते. पहिल्या दोन गोण्या नमुना म्हणून मागवल्या आणि बरं झालं. एक किलो जाळून राख चाळली तर तळाशी वाळू. त्या व्यापाऱ्याचा माल परत केला. चांगल्या लाकडी पेलेटची राख एक टक्क्याच्या आत असते. युरोपात पहिल्या प्रतीला ०.७ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याकडच्या शेतमालाच्या कांडीकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही, पण भाताचं तूस मिसळलेली कांडी ओळखता आली पाहिजे, कारण तुसात वीस टक्क्यांच्या आसपास राख असते. मामीला मी तीन खुणा शिकवल्या. कांडीला बाहेरून चकाकी हवी, मोडताना कट असा आवाज यायला हवा, पाण्यात टाकली तर ती बुडायला हवी.

नवं धुराडं

शेगडी आम्ही तासाला दोन किलो जाळणारी घेतली. बाजूला कोठी, त्यातून कांड्या उतारावर घसरत जाळीवर येतात. खालून थोडी हवा, वरच्या भोकांतून जास्त हवा. खालची कांडीतून वायू काढते, वरची तो वायू जाळते. शेगडीला १४ हजार लागले, धुराड्याला २१ हजार. हा आकडा ऐकून मामा गप्प झाला होता. मी त्याला वाशाचा तुकडा पुन्हा दाखवला नाही, तो त्याच्या समोरच पडला होता.

आतला पाइप ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, एक मिलिमीटर जाड. साधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत चाळण होतो, आणि आतून कांडीतल्या क्षारांचा मारा वेगळाच. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते मिठाला ३०४ या नेहमीच्या प्रतीपेक्षा चांगलं टिकतं. बाहेरचं वेष्टण पातळ ३०४चं, मध्ये इंचभर सिरॅमिक लोकर. लोकर दोन कामं करते : धूर गरम राहतो म्हणून ओढ टिकते, आणि बाहेरचं वेष्टण हात लावण्याइतपत निवतं. सुतारभाऊंनी जळका वासा कापून आडवी चौकट बसवली आणि पाइपाभोवती चौफेर सहा इंच मोकळे सोडले. त्या मोकळ्या जागेत पत्रा, लाकूड नाही.

कौलांतून पाइप बाहेर येतो तिथली पाणी अडवणारी पत्र्याची झालर वरच्या कौलांच्या खाली आणि खालच्या कौलांच्या वर हवी. उलटी बसली तर पहिल्या आषाढसरीत स्वयंपाकघरात पागोळी लागते. टोपी मी 'एच' आकाराची केली. आपल्या किनाऱ्यावर पाऊस आडवा येतो, साधी छत्रीसारखी टोपी त्याला अडवत नाही, आणि नैऋत्येचा वारा धूर परत खाली दाबतो. 'एच' टोपीत वारा कुठूनही आला तरी खालची नळी झाकलेली राहते. पाइपाचं तोंड जवळच्या कौलांपेक्षा तीन फूट वर नेलं आणि आढ्याच्या वर निघेल असं पाहिलं. तीन बाजूंनी ताण दिले. शिवाय छपरावरचा भाग एका क्लॅम्पवर बसवला. वादळाचा इशारा आला की मामा किंवा शेजारचा मुलगा दहा मिनिटांत तो उतरवून भोकावर झाकण घालू शकतो. निसर्गनंतर पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं होतं, त्यामुळे ही तरतूद कुणाला जास्तीची वाटली नाही.

खाली राख आणि काजळी काढायला झाकणाचा टी-सांधा. तीस वर्षं जे नव्हतं ते.

पंखा १२ व्होल्टचा, पंधरा वॉटचा. त्याला २६ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५० वॉटचं सौर पॅनेल दिलं. रोज पाच तास शेगडी चालली तर बॅटरी अर्ध्यावर यायला दोन दिवस लागतात. पंखा बंद पडला की ही शेगडी धुराचं भांडं होते, आणि त्या महिन्याभराच्या अंधाराची आठवण घरात ताजी आहे.

पहिलं वर्ष

पौषात शेगडी पेटली. वीस लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं. जुन्या चुलीवर पाऊण तासाहून जास्त लागायचा. धुराड्यातून दिसण्यासारखं काही निघत नव्हतं. मामा अंगणात उभा राहून पुन्हा पुन्हा वर बघत होता.

पंधरा दिवसांनी रात्री फोन : कोठीतून धूर येतोय. मी सकाळी पोचलो. थंडी म्हणून मामीने दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि तळणीचा वास जावा म्हणून भिंतीतला एक्झॉस्ट पंखा चालू केला होता. सोळा फुटी धुराड्याची ओढ, धूर दोनशे अंशांचा असेल तर, पाण्याची पातळी दोन मिलिमीटर उचलण्याइतकी असते. धूर शंभर अंशांचा असेल तर एक. एवढी नाजूक ओढ बंद खोलीतला एक्झॉस्ट पंखा सहज उलटवतो. त्या रात्री मामीचं डोकं दुखत होतं, आणि त्याचं कारण काय असेल ते कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला. शेगडीच्या मागे भिंतीत जमिनीलगत बाहेरची हवा आत येणारी जाळी मी आधीच ठेवायला हवी होती. त्याच दिवशी चिरा काढून ती ठेवली. कार्बन मोनॉक्साइडचा गजर देणारं यंत्र लावलं. एक्झॉस्ट पंख्याचं बटण असं जोडलं की शेगडीचा पंखा चालू असेल तर तो चालूच होत नाही. तळण आता गॅसवर, शेगडी विझल्यावर.

विझवण्याचीही रीत लागते. कोठीचं दार बंद करून जाळीवरच्या कांड्या संपेपर्यंत पंखा चालू ठेवायचा, वीस मिनिटं. घाईने पंखा बंद केला तर धग कोठीकडे मागे सरकते.

दुसरी चूक सरळसरळ माझी. आगोटीच्या आधी बेगमी म्हणून मी त्यांना ६०० किलो कांड्या घेऊन ठेवायला लावल्या, गोण्यांतच, मांगरात, फळ्यांवर. घाटावर हे चालतं. इथे आषाढात हवाच ओली असते. वरून थेंब पडायला लागत नाही. पंधरा दिवसांत कांड्या फुगल्या आणि हातात धरल्या की त्यांचं पीठ होऊ लागलं. पीठ कोठीत अडकतं, वर कमान धरतं आणि खाली जाळ उपाशी राहतो. जवळजवळ निम्मा माल वाया गेला. त्याचे पैसे मी भरले, मामी नको म्हणत असताना. आता घट्ट झाकणाची, कडीची प्लास्टिकची पिंपं घेतली आहेत, दोनशे लिटरची चार. एका पिंपात शंभर-सव्वाशे किलो मावतात. माल सुक्या दिवशी येतो, आल्याच्या तासाभरात पिंपांत जातो, आणि एका वेळी एकच पिंप उघडतं. गेल्या श्रावणात शेवटच्या पिंपातली कांडी मी मोडून पाहिली. कट असा आवाज आला.

जे जमलं नाही

तांदळाची भाकरी. या शेगडीला निखारा नाही. तव्यावर भाकरी भाजते, पण काढून निखाऱ्यावर फुगवायला काही नाही. सुका बांगडा भाजता येत नाही, पोह्याचा पापड नाही. मामीने महिनाभर भाकरी गॅसच्या आचेवर फुगवली आणि मग एके दिवशी मागच्या पडवीत, उघड्या बाजूला, लहानशी मातीची चूल घातली. भाकऱ्यांपुरती, अर्धा तास, सुक्या लाकडावर. मी त्यावर काही बोललो नाही. बंद स्वयंपाकघरातले पाच तास आणि वाऱ्यावरचा अर्धा तास, यांत फरक आहे.

खोकला गेलेला नाही. कमी आहे. दापोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की जे झालंय ते मागे फिरणार नाही, पुढचं थांबेल. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात अंदाजे ३२ लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा मला त्या जिन्यावर, मामीची काळी बोटं बघताना आठवला होता.

गुंडाळलेले पाइपाचे तुकडे अजून मांगराच्या कोपऱ्यात आहेत. ते रीतसर कुठे द्यायचे, याची सोय आम्हाला अजून लावता आलेली नाही, आणि खाडीत किंवा भरावात टाकायचे नाहीत, हे मामाशी पक्कं ठरलं आहे. दर दोन महिन्यांनी मी टी-सांध्याचं झाकण उघडतो. मूठभर करडी राख निघते, डांबर नाही. टोपी वर्षातून एकदा उतरवून घासतो.

पाटी मामीने बदलायला लावली. पाहुण्यांना खोटं सांगायचं नाही, म्हणाली. मामाने 'चुलीवरचं' हा शब्द पांढऱ्या रंगाने पुसला आणि त्या जागी काय लिहायचं, यावर त्यांचं अजून ठरायचं आहे. सध्या तिथे 'घरगुती जेवण' एवढंच आहे, डावीकडे थोडी रिकामी जागा सोडून.